कामाच्या जागी धूर नको, ही मालकाची जबाबदारी

भारतात 2 ऑक्टोबर 2008पासून कार्यालये आणि कारखान्यांतही धूम्रपानाला बंदी आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला 200 रुपयांपर्यंत दंड होतो. पण नियमांचा खरा भार मालकावर किंवा व्यवस्थापकावर आहे. त्याने मनाईचे फलक लावायचे, ॲश-ट्रे ठेवू द्यायचे नाहीत आणि तक्रार कोणाकडे करायची त्याचे नाव फलकावर लिहायचे. धूम्रपानाची वेगळी खोली ठरावीक आकाराची हॉटेले, रेस्टॉरंट आणि विमानतळांनाच ठेवता येते, कार्यालयांना नाही. हे योग्यच आहे, कारण सहकाऱ्याचा धूर टाळण्यासाठी कोणी नोकरी सोडू शकत नाही.

‘व्हेपमध्ये धूर कुठे असतो?’ असा युक्तिवाद होतो. पण त्या वाफेतून निकोटिन आणि सूक्ष्म कण हवेत मिसळतात. 2019च्या कायद्याने व्हेपची, म्हणजेच ई-सिगारेटची विक्री, आयात आणि साठवण रोखली. वापरणाऱ्यासाठी मात्र त्यात स्वतंत्र शिक्षा नाही. म्हणून कंपनीच्या नियमावलीत व्हेपचा स्पष्ट उल्लेख हवा. यामुळे व्यक्तिस्वातंत्र्यावर गदा येते, हा आक्षेप टिकत नाही. सामायिक हवेवर एकट्याचा हक्क नसतो. व्यसन मात्र केवळ धाकाने सुटत नाही. त्यामुळे कारवाईच्या जोडीला समुपदेशनाची सोय करणे हेही मालकाचे कर्तव्यच आहे.