उसातले पांढरे फूल : टारफुला ओळखा



गेल्या पावसाळ्यात आम्ही गडचिरोली जिल्ह्यात सूरजागडच्या बाजूला गेलो होतो. रेताड, उघड्या माळावर गवतात वीतभर उंचीची पांढरी फुले दिसली. सोबतची मंडळी म्हणाली, काय नाजूक फूल आहे! आम्हाला मात्र आपल्याकडचा हलक्या रानातला ऊस आठवला. ते टारफुल्याच्या जातीचे झाड होते. तिथे ते गवताच्या मुळांवर जगते, आपल्याकडे ज्वारीच्या आणि उसाच्या.

पाने अरुंद आणि हाताला खरखरीत. फूल दोन ओठांचे, त्याची बारीक नळी मध्येच वाकलेली. ही वाकडी नळी ध्यानात ठेवा. झाड हिरवे दिसते म्हणून फसू नका. शंका आली तर खुरप्याने मातीसकट अलगद उकरा आणि मुळ्या धुऊन पाहा. उसाच्या मुळीला चिकटलेल्या दिसतील. उपटलेले झाड वाळले की काळे पडते.

खरा घात झाड वर येण्याआधीच होतो. पाण्याची पाळी देऊनही ऊस सुकल्यासारखा, पिवळट दिसतो. मग आपण पाणी वाढवतो, आणि रोग राहतो बाजूलाच!

ओळख पटण्याला किती किंमत आहे पाहा. अमेरिकेत कॅरोलिनाच्या रेताड जमिनीत मका असाच वाळत होता, कारण सापडेना. 1956 साली तिथे शिकणाऱ्या एका भारतीय विद्यार्थ्याने हे झाड ओळखले. तिथले फूल तांबडे, पण जात टारफुल्याचीच. पुढे चार लाख एकरांवर त्याचा फैलाव आढळला आणि सरकारला कित्येक वर्षे मोहीम चालवावी लागली.

एका झाडाला धुळीसारखे हजारो बी येते, आणि ते जमिनीत पंधरा-वीस वर्षेही टिकते. म्हणून फूल दिसताच, बोंड धरायच्या आत उपटून जाळा. बांधावर टाकू नका. जास्त असेल तर २,४-डी चालते, पण शेजारी कपाशी किंवा भाजीपाला असेल तर फवारा उडू देऊ नका. अशा रानात खोडवा न ठेवता भुईमूग किंवा कपाशी घ्यावी. त्यांच्या मुळांमुळे बी उगवते, पण चिकटायला जागा न मिळाल्याने मरते.

नमुना गट ऑफिसला आणायचा तर पिशवीत बांधून आणा, हातात धरून नको.