म्हसवडची पेढी

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेस, जेथे पाऊस येतो तो बहुधा वाट चुकल्यासारखा, त्या माण तालुक्यातील म्हसवड गावी १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक स्थापन झाली. तिच्या जन्माचे निमित्त मात्र अगदी क्षुल्लक वाटावे असे होते. रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका स्त्रीला पावसाळ्यापूर्वी राहत्या पालावर घालण्यास प्लास्टिकचा कागद घ्यावयाचा होता व त्यासाठी रोजच्या कमाईतून चार पैसे शिल्लक टाकावयाचे होते. परंतु इतक्या अल्प रकमेचे खाते उघडण्यास बँक राजी होईना. कर्जाची याचना नव्हे, स्वतःचाच पैसा सुरक्षित ठेवण्याची विनंती नामंजूर व्हावी, हा आपल्या व्यवहाराचा न्याय विलक्षणच म्हणावयाचा!

जयप्रकाशांच्या आंदोलनात वावरलेल्या, मूळच्या मुंबईकर व विवाहानंतर म्हसवडवासी झालेल्या चेतना गाला-सिन्हा यांनी तेव्हा बायकांचीच बँक काढण्याचे मनावर घेतले. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तक सभासदांपैकी कित्येकींना सही करता येत नव्हती आणि अर्जावर अंगठे उमटले होते. बायका खचल्या नाहीत; अक्षरे गिरवू लागल्या, आणि पुन्हा अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी उलट आव्हानच दिले: आम्हांस लिहितावाचता येत नसेल, हिशेब येतो; कोणत्याही मुद्दलावरील व्याज विचारा, आणि आपल्या कारकुनांनाही यंत्राविना तेच काढावयास सांगा, म्हणजे अगोदर कोण सांगतो ते दिसेल. परवाना मिळाला.

पुढे खातेदार स्त्रियांनीच बँकेला व्यवहार शिकविला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. मजुरी बुडवून कचेरीत खेटे घालणे कोणास परवडणार? म्हणून बँकेचे माणूस दारी व बाजारी जाऊन ठेव गोळा करू लागले. पासबुक घरी नेण्यासही पुष्कळजणी नाखूश होत्या, कारण ते नवऱ्याच्या हाती लागले की शिलकेवर हक्क सांगितला जाई; हे गुपित सांभाळणे, माझ्या मते, कित्येक भारदस्त योजनांहून मोलाचे ठरले. कर्ज घेऊन ते कशात घालावे हा प्रश्न उरलाच होता, तेव्हा २००६ साली ग्रामीण स्त्रियांसाठी व्यवसायशाळा सुरू झाली आणि तिचे वर्ग मोटारगाडीतून गावोगाव फिरू लागले.

अर्ज तपासणाऱ्या साहेबांना एवढीच विनंती, की सहीची जागा कोरी दिसली म्हणजे कागद परत करण्यापूर्वी अर्जदार बाईला एकदा व्याजाचा हिशेब विचारून पाहावा.