गोन्साल्विस, अँथनी
(१९२७ – १८ जानेवारी २०१२). भारतीय व्हायोलिनवादक, वाद्यवृंद-संयोजक व संगीतरचनाकार. जन्म गोव्यात सासष्टी तालुक्यातील माजोर्डा येथे. वडील चर्चमधील वृंदगानाचे प्रमुख असल्याने पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण घरातच झाले. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या चर्चसंलग्न शाळांतून स्वरलेखन व व्हायोलिन शिकविण्याची परंपरा रुजली होती. त्यांतून तयार झालेले अनेक वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले. गोन्साल्विस १९४३ मध्ये मुंबईस आले व संगीतकार नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादक म्हणून रुजू झाले.

पुढे ते संयोजक म्हणून मान्यता पावले. संगीतकाराने बांधलेली चाल ऐकून तिच्या भोवतीचे वाद्यसंगीत रचणे व प्रत्येक वाद्यासाठी ते स्वतंत्रपणे पाश्चात्त्य स्वरलिपीत लिहून देणे, हे संयोजकाचे काम. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मात्र त्या काळी संयोजक व वादक यांचा उल्लेख क्वचितच होई.

गोव्यात हिंदुस्थानी संगीताशी त्यांचा फारसा परिचय नव्हता. मुंबईत रागसंगीताची गोडी लागल्यावर राग व पाश्चात्त्य स्वरसंहती यांचा मेळ घालणे, हे त्यांनी आपले जीवितकार्य मानले. यातील अडचण मूलभूत आहे. राग एकाच स्वरपंक्तीतून उलगडतो. स्वरसंहतीत अनेक स्वर एकाच वेळी निनादतात. उदा., वृंदावनी सारंगात गांधार व धैवत वर्ज्य असतात. तेथे पाश्चात्त्य पद्धतीचा सा–ग–प हा पायाभूत त्रिस्वर योजल्यास रागस्वरूप भंगते. त्यामुळे रचनाकाराला रागातीलच स्वरांतून संहतीचे पर्याय शोधावे लागतात. गोन्साल्विस यांनी सारंग रागावर आधारित कॉन्चेर्टो रचला. तसेच सोनाटाच्या लघुरूपात सोनाटिना इंडियाना ही रचना केली.

१९५८ मध्ये त्यांनी ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ स्थापन केला. मुंबईच्या सेंट झेव्हिअर महाविद्यालयाच्या प्रांगणात त्याचा कार्यक्रम झाला. त्यात शंभराहून अधिक वादक सहभागी होते. लता मंगेशकर व मन्ना डे हे प्रमुख गायक होते. परंतु एवढ्या मोठ्या वृंदास स्थिर आर्थिक आधार मिळणे कठीण होते. १९६५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज विद्यापीठाच्या अनुदानावर ते अमेरिकेस गेले. भारतात परतल्यावर चित्रपटसृष्टीपासून दूर राहून त्यांनी माजोर्डा येथे निवृत्त जीवन व्यतीत केले व तेथेही संगीतरचना चालू ठेवली.

त्यांच्या शिष्यांत लक्ष्मीकांत–प्यारेलाल या संगीतकारद्वयातील प्यारेलाल शर्मा प्रमुख होत. अमर अकबर अँथनी (१९७७) या चित्रपटातील एका गीतात त्यांनी गुरूचे नाव गुंफले. गीत कमालीचे लोकप्रिय झाले. तथापि ते नाव एका हयात संगीतकाराचे आहे, याची जाणीव बहुसंख्य श्रोत्यांना नव्हती. अशोक राणे यांनी त्यांच्या जीवनावर माहितीपट तयार केला. गोव्यात त्यांचे निधन झाले. हिंदी चित्रपटगीतांच्या भरदार वाद्यमेळामागे उभ्या असलेल्या अनामिक गोमंतकीय वादकांचे ते प्रातिनिधिक उदाहरण होत.