भिंतीवरची पाण्याची रेघ

२९ ऑगस्ट २००५. कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्सचे पूररोधक बांध फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग बुडाला. पाणी ओसरल्यावर छायाचित्रकार रॉबर्ट पोलिडोरी मोठा फिल्म कॅमेरा घेऊन तिथल्या ओस घरांत शिरले. लहानपणी काही काळ ते याच शहरात राहिलेले! घरांत वीज नाही. खिडकीतून येईल तेवढाच उजेड, कॅमेरा ट्रायपॉडवर, एक्स्पोजर लांब. म्हणून तर त्यांच्या फोटोंत भिंतीवरची बुरशी, वाळून तडकलेला चिखल, पाणी चढलं होतं तिथली रेघ इतकी स्वच्छ दिसते. माणसं जवळजवळ नाहीतच, आणि मला तेच योग्य वाटतं. त्या काळातल्या फोटोंत दारांवर शोधपथकांनी स्प्रेने मारलेली फुली दिसली, तर खालचा कोन बघा. आत सापडलेल्या माणसांचा आकडा तिथे असतो. शून्य दिसलं की अजूनही हायसं वाटतं.