माहिती चौकट : भर उन्हाळ्यात घरचा फ्रिज

करडीसह भंडारा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उष्ण कटिबंधासाठीच्या 'टी' वर्गातील फ्रिजची मर्यादा मात्र ४३ अंश सेल्सिअस.

योग्य तापमान : फ्रिज ४ अंश किंवा कमी; फ्रीझर उणे १८ अंश.

प्रकार
- डायरेक्ट कूल : बर्फ साचतो, डीफ्रॉस्ट करावे लागते.
- फ्रॉस्ट फ्री : पंखा थंड हवा फिरवतो, बर्फ आपोआप वितळतो.

देखभाल
- भिंतीपासून अंतर ठेवा. ऊन व चुलीची धग टाळा.
- मागची जाळी उघडी असल्यास प्लग काढून धूळ झाडा.
- दाराच्या रबरात कागद धरा. सहज निसटला, तर रबर सैल.
- बर्फ चाकूने खरवडू नका. आतली नळी फुटू शकते. नळीत आर-६००ए हा थंडावा देणारा गॅस असल्यास तो ज्वलनशील असतो.

बिघाड ओळखा
- दिवा लागतो, गारवा नाही : थर्मोस्टॅट, रिले, कॉम्प्रेसर किंवा गॅसगळती.
- फ्रीझर गार, खालचा भाग कोमट (फ्रॉस्ट फ्री) : पंखा किंवा डीफ्रॉस्ट यंत्रणा.
- आत पाणी : निचऱ्याचे छिद्र तुंबलेले.

वीज गेल्यास : दार बंद ठेवा, गारवा सुमारे ४ तास टिकतो. व्होल्टेज २३० पेक्षा फार खाली-वर होत असल्यास स्टॅबिलायझर लावा.