रिपोर्ट नॉर्मल, मग गोळी कशाला?

नांदेडच्या किंवा लातूरच्या कुठल्याही दवाखान्याबाहेरच्या बाकड्यावर हे ऐकायला मिळतं: "शुगर आहे, पण कोलेस्टेरॉल नॉर्मल. तरी डॉक्टरांनी चरबीची गोळी दिली!" मग निष्कर्ष ठरलेला, कमिशन असणार. शंका घ्यावी, पण इथे ती चुकीच्या जागी पडते.

लॅबच्या कागदावरची मर्यादा बहुतेक वेळा सर्वांसाठी एकच छापलेली असते. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, सर्वसाधारण माणसासाठी १०० च्या खाली, तर मधुमेह असलेल्यासाठी ७० च्या खाली असावं असं म्हटलं आहे. म्हणजे ९५ हा आकडा शेजाऱ्याला चालेल, तुम्हाला नाही. वाढलेली साखर रक्तवाहिन्यांचं अस्तर आधीच खराब करत असते. अशा वेळी थोडं एलडीएलही जास्त नुकसान करतं. स्टॅटिन (हीच ती चरबीची गोळी) देतात ते हार्ट अटॅक आणि लकवा टाळायला. रिपोर्ट सुंदर दिसणं हा त्याचा हेतू नाही.

किती टळतात? ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या 'कार्ड्स' चाचणीत मधुमेह असलेली, पण हृदयविकार नसलेली आणि एलडीएल फार न वाढलेली २८३८ माणसं होती. २००४ मध्ये निकाल आला: सुमारे चार वर्षांत खोट्या (औषध नसलेल्या) गोळीच्या गटात शंभरातल्या नऊ जणांना हृदयविकाराचा मोठा त्रास किंवा पक्षाघात झाला, ॲटोर्व्हास्टॅटिन हे स्टॅटिन १० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत जवळपास सहा जणांना. शंभरात तीन वाचले. कुणाला हे थोडं वाटेल. पण मधुमेह चार वर्षांनी संपत नाही.

"आम्ही घाण्याचं करडईचं तेल खातो" हा आपल्याकडचा खास युक्तिवाद. तेल चांगलंच आहे, आणि कोणत्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतं. पण शरीरातलं बहुतांश कोलेस्टेरॉल यकृतच बनवतं, आणि गोळी तिथेच काम करते. चालणं, पथ्य, तंबाखू सोडणं हवंच. गोळी त्यांची जागा घेत नाही, तीही गोळीची घेत नाहीत.

"या गोळीनं शुगर वाढते" यात मात्र थोडं तथ्य आहे. २०१० च्या एकत्रित विश्लेषणानुसार २५५ जणांनी चार वर्षं स्टॅटिन घेतलं, तर एका जास्तीच्या माणसाला मधुमेह होतो. आधीच मधुमेह असलेल्याची साखर किंचित वाढू शकते, तरी हृदयाचा फायदा मोठा ठरतो.

अंगदुखीचं काय? त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या साठ जणांवरच्या २०२० च्या चाचणीत, गोळीवर जाणवलेल्या त्रासापैकी सुमारे ९० टक्के त्रास खोट्या गोळीवरही जाणवला. तरी स्नायू फार दुखले, अशक्तपणा आला किंवा लघवी काळपट झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

४० ते ७५ वयात निर्णय सोपा आहे: मधुमेह असेल तर बहुतेकांनी गोळी घ्यावी. चाळिशीच्या आत मधुमेह किती वर्षांचा, रक्तदाब, लघवीतलं प्रथिन, घरातला हृदयविकार हे पाहून ठरतं. गरोदर राहायचं ठरवणाऱ्या स्त्रियांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. पंचाहत्तरीनंतर इतर आजार आणि चालू औषधं पाहून ठरवावं.

ॲटोर्व्हास्टॅटिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतं. सुरू केल्यावर चार ते बारा आठवड्यांत पुन्हा लिपिड तपासा. एलडीएल पुरेसं उतरलं नसेल तर डोस वाढवतात किंवा दुसरं औषध जोडतात.