तीन मीटरची बातमी, सहा सेंटिमीटरचं पाणी

पावसाळा सरला की एक बातमी न चुकता येते: अमुक तालुक्यात भूजलपातळी तीन मीटरने वाढली. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, ऑक्टोबरचा आकडा मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहते आणि फरकाचा मथळा होतो. आकडा खरा असतो, फसगत तो वाचताना होते. तीन मीटर म्हणजे विहिरींच्या जुन्या मापात जवळपास दोन परस. एवढं पाणी वाढलं म्हटल्यावर कुणाचाही हात उसाच्या बेण्याकडे जाणारच. पण पातळी म्हणजे साठा नव्हे. तांब्याभर पाणी परातीत ओतलं तर बोटाचं पेरही बुडत नाही. तेच चिंचोळ्या बाटलीत गळ्यापर्यंत चढतं. पाणी किती चढलं हे सांगण्याआधी भांडं कोणतं ते सांगायला हवं.

महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग बेसाल्टवर, म्हणजे लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांवर वसला आहे. खोदलेल्या विहिरीची कड नीट पाहिली तर हे भांडं उघड दिसतं. वर माती, मग मुरूम, त्याखाली बारीक पोकळ्यांचा मांजऱ्या खडक, मग काळा पाषाण, आणि दोन लाव्हांच्या मध्ये कुठे कुठे गेरूचा लाल पट्टा. मांजऱ्यातल्या पुष्कळशा पोकळ्या पांढऱ्या खनिजांनी बुजलेल्या असतात आणि काळ्या पाषाणाला पोकळ्याच नसतात. पाणी राहतं ते मुरमात आणि भेगांत. केंद्राच्या समितीने 1997 मध्ये घालून दिलेल्या निकषांनुसार झिजलेल्या, भेगाळ बेसाल्टमधून आकारमानाच्या सुमारे 2 टक्के पाणी उपसता येतं, तर वाळूमिश्रित गाळातून 16 टक्के. गंगेकाठच्या गाळात पातळी तीन मीटर चढली तर 480 मिलिमीटर पाणी वाढलं. आपल्याकडे त्याच तीन मीटरचे होतात 60 मिलिमीटर. सहा सेंटिमीटर! हरभऱ्याला हंगामात साधारण 250 मिलिमीटर लागतात. उसाला 2000च्या आसपास. त्यातले 500 पावसाने भागवले तरी उरलेल्या पंधराशेसाठी एक हेक्टर ऊस पंचवीस हेक्टरांखालची ती वाढ एकटा पिऊन टाकतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: मग मुरवण वाढवा, बंधारे बांधा. जरूर बांधावेत, पण बाटली भरली की वरचं पाणी सांडतंच. सप्टेंबरात भूजल काठोकाठ भरलं की पुढचा पाऊस ओढ्याला लागतो. दुसरा आक्षेप खोल बोअरचा. खाली दुसरं भांडं असतं, पण बहुधा आणखी चिंचोळं, आणि त्यात पाणी उतरतं ते वरच्याच भेगांतून. तेव्हा नवी बोअर पुष्कळदा शेजाऱ्याच्या विहिरीतलंच पाणी जास्त वीज जाळून वर आणते. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ठिबकने पाणी वाचतं. पिकापुरतं वाचतं, हे खरं. पण पाटपाण्यातून झिरपणारा हिस्सा पुन्हा विहिरीतच येत असे, आणि ठिबकने ‘वाचलेलं’ पाणी बहुतेकदा आणखी दोन एकरांवर पसरतं. उपसा घटत नाही, हिरवं क्षेत्र वाढतं. प्लॅस्टिकच्या अस्तराचं शेततळं विहिरीच्या पाण्याने भरणं हा तर कहरच: जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी वर काढून उन्हात वाळत घालायचं.

या सगळ्यामागचं तत्त्व अमेरिकी भूजलशास्त्रज्ञ चार्ल्स थाइस यांनी 1940 मध्येच सांगून ठेवलं होतं. विषयाबाहेर त्यांना फारसं कुणी ओळखत नाही, याची मला नेहमी खंत वाटते. पंप चालू केल्यावर विहिरीभोवतीची पातळी काळानुसार कशी खालावते, हे गणित 1935 पर्यंत सुटत नव्हतं. थाइस यांना जाणवलं की खडकातून पाणी विहिरीकडे सरकतं ते तापलेल्या पत्र्यातून उष्णता थंड टोकाकडे जावी तसं. उष्णतेचं गणित गणितज्ञांनी केव्हाच सोडवलं होतं. त्यांनी क्लॅरेन्स लुबिन या गणितज्ञ मित्राला विचारलं, उत्तर तयार मिळालं आणि पाण्याच्या भाषेत उतरलं. लुबिन यांनी शोधनिबंधावर नाव घालायलाही नम्रपणे नकार दिला! पाच वर्षांनी थाइस यांनी त्याहून साधी गोष्ट मांडली: विहिरीतून काढलेला प्रत्येक थेंब कुठून तरी कमी झालेला असतो. साठ्यातून, नाहीतर झऱ्यांतून आणि नदीतून. अपवाद फक्त उपशामुळे जास्तीच्या मुरलेल्या पाण्याचा. म्हणून ‘जेवढं मुरलं तेवढं उपसू’ हा हिशोबही पुरा नाही. मुरलेलं सगळं आपणच घेतलं तर दिवाळीनंतर ओढा वाहणार कशावर?

उरतो तो शेवटचा, आणि रास्त, आक्षेप: आपल्या विहिरीत आपण काय करावं हे शेतकऱ्याला दुसऱ्याने का सांगावं? कारण बाटली एकच आहे आणि नळ्या शंभर. एकट्याने संयम पाळला तर त्याच्या वाटचं पाणी शेजारचा पंप ओढतो. तेव्हा संयम शहाणपणाचा ठरायचा तर तो सर्वांनी मिळून पाळायला हवा. 2009च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात अधिसूचित क्षेत्रासाठी पीक आराखड्याची तरतूद याचसाठी आहे. पण कागदापेक्षा हिवरे बाजारचा दाखला बोलका. कमी पावसाचं हे गाव पाऊस मोजतं, पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडतं, पिण्याचं पाणी आधी बाजूला काढतं आणि मग रब्बीत काय, किती पेरायचं ते ग्रामसभेत ठरवतं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. गावाचं कौतुक झाडांसाठी आणि बंधाऱ्यांसाठी फार झालं. माझ्या मते खरी करामत त्या बेरीज-वजाबाकीची आहे.

तेव्हा ती बातमी वेगळी लिहिता येईल. तीन मीटरचे 60 मिलिमीटर करावेत, त्यातून माणसा-गुरांचं आणि ओढ्याचं वजा करावं, उरलेल्याला पिकाच्या गरजेने भागावं. मग मथळा होईल: यंदा नेहमीपेक्षा जास्त पाणी आहे, ते दर पाच-सहा हेक्टरांमागे एक हेक्टर हरभऱ्यापुरतं.